कोरडं फडकं

चैत्राच्या आधीच आमची गल्ली, अशोक चौकामागची,
तव्यासारखी तापायला लागते.
लिंबाचा मात्र हट्ट, फुलायचंच.
बारीक फुलं कुरड्यांच्या साडीवर पडत राहतात,
मी वेचत बसत नाही.
परवाच्या पाडव्याला पच्चडीत तशीही घालायचीच आहेत.

पाचव्या दिवशी पाणी आलं.
पाणी आलं की आमच्या घरात माणसं राहत नाहीत,
सगळ्यांचे हंडे होतात.
पिंप, घागरी, कुकर, पोरांचे डबे,
एकदा तर मी इडलीपात्रही भरून ठेवलं होतं.
नळापाशी मामंजी.
अडतीस वर्षं टॉवेलच्या मागावर काढली,
खटखटीनं कान गेले,
बोलणं बहुतेक त्याआधीच गेलं असावं.
घागर काठाला आली की नळ बंद,
थेंब सांडला की माझ्याकडे एक नजर.
मी मोहोळची. पहिल्या दिवाळीलाच आईला सांगून टाकलेलं,
सासरा कोरडा आहे गं, ठणठणीत कोरडा.

तर त्या गडबडीत गॅसवर डाळ उतू चालली.
हाताला आलं ते ओलं फडकं,
नुकताच ओटा पुसलेलं.
बरंच झालं, म्हटलं. ओलं म्हणजे गार.
पातेलं उचललं, दोन पावलं चालले असेन,
आणि फडक्यातून वाफ निघाली
ती थेट बोटांत.
सोडलं असतं, पण पायाशी नागमणी,
झाकणाचं चाक करून घर्रर्र फिरवत.
नाही सोडलं. कसं नाही, मला विचारू नका.
ओट्यावर आपटलं आणि मग ओरडले.

ज्यांना दाराची कडी ऐकू येत नाही
त्यांना ते ऐकू आलं.
मनगट धरून मला नळाखाली उभं केलं.
पाचव्या दिवसाचं पाणी
माझ्या चार बोटांवरून मोरीत.
मी म्हटलं, मामंजी, पिंप अजून अर्धं आहे.
ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.
मी टूथपेस्ट म्हणाले, हळद म्हणाले, तूप म्हणाले,
त्यांनी हात सोडला नाही.
शेजारच्या अंबव्वानं खिडकीतून डोकावून सांगितलं,
नळ चालूच राहिलाय की ओ!
तिलाही उत्तर नाही.
वीस मिनिटं.
मोरीतून गल्लीत, गल्लीतून लिंबाच्या बुडाशी
पाणी चाललं होतं, वर फुलं घेऊन.

मग नळ बंद करून म्हणाले, "तडि वद्दु."
ओलं नको.
आणि पुढं मराठीत, माझ्यासाठी,
लग्नाला नऊ वर्षं झाली, एवढं लांब पहिल्यांदाच:
"ओल्यातनं चटका पळत येतो. गरम भांड्याला ओलं लावायचं नाही कधी.
कोरड्यात हवा राहते, हवा अडवते त्याला.
टॉवेलाला दोऱ्याचे फास उभे सोडतो आम्ही,
ते काय नुसतं दिसायला?"

कपाटातनं एक टॉवेल काढला.
कडेला वीण चुकलेला, निळ्यात एक पिवळी रेघ घुसलेली,
डागी माल म्हणून कारखान्यानं कामगारांना वाटलेला.
चार घड्या घालून दाखवल्या.
शेगडीपासून हातभर लांब, भिंतीत खिळा ठोकला,
त्यावर तो अडकवला.
ओलं फडकं दोन बोटांत उचलून बाहेर तारेवर नेलं,
मेलेला उंदीर न्यावा तसं.

रात्री आईचा फोन.
काय चाललंय? पाडव्याची तयारी.
हात कशाला लपवतेस, व्हिडिओत दिसतोय मला.
काही नाही गं, जरासं.
आणि सासरे?
आहेत की, म्हटलं, तसेच. कोरडे.
म्हणताना खिळ्यावरचा टॉवेल उगीच चाचपून पाहिला.

पिंप पुढचे पाच दिवस अर्धंच होतं.
धुणं तुंबलं, पोरं एका बादलीत दोघं न्हाली.
कुणी काही बोललं नाही.